500 केव्हीएचा स्वतःचा टीसी (ट्रान्सफॉर्मर) येतोय, जुनं पॅनल तसंच चालेल का?

मच्छे_मशीनशॉप

नमस्कार मंडळी. मच्छे औद्योगिक वसाहतीत आमचं मशीनशॉप आहे, हायड्रॉलिक सिलिंडरचे भाग करतो. आतापर्यंत हेस्कॉमच्या (आमची वीज कंपनी) 250 केव्हीएच्या टीसीवरून एलटी, म्हणजे कमी दाबाचं कनेक्शन होतं. टीसीपासून आमच्या मेन पॅनलपर्यंत साधारण 60 मीटर 95 चौरस मिमीची ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल आहे. आता दोन सीएनसी आणि एक इंडक्शन हार्डनिंग मशीन वाढतंय, म्हणून एचटी, म्हणजे उच्च दाबाचं कनेक्शन घेतलं. स्वतःचा 11 केव्ही / 433 व्होल्टचा 500 केव्हीए ट्रान्सफॉर्मर शेडच्या भिंतीला लागूनच बसणार आहे. नेमप्लेटवर इम्पिडन्स (करंटला होणारा आतला अडथळा) 5 टक्के आहे.

जुन्या पॅनलमध्ये इनकमर (सप्लाय आत घेणारा मुख्य ब्रेकर) 200 अँपिअरचा एमसीसीबी (मोठ्या करंटचा ब्रेकर), बसबार (करंट वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्या) 40 × 6 मिमी ॲल्युमिनियम. आउटगोइंगला (मशीनकडे जाणाऱ्या लाइनींना) काही एमसीसीबी, बाकी 10 केएचे (किलोअँपिअर) एमसीबी, म्हणजे छोटे ब्रेकर. कंत्राटदाराचं म्हणणं असं: इनकमर 800 चा घालू, बसबारला पट्ट्या वाढवू, आउटगोइंग आहेत तसेच राहू देत. खर्च बराच वाचतो हे खरं. पण पोरं रोज त्याच पॅनलसमोर उभी राहून स्विच मारतात, म्हणून विचारतोय. हे बरोबर आहे का?

टिळकवाडी_काका

नाही. सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न आपल्याकडे एलटीवरून एचटीवर जाणाऱ्या प्रत्येक कारखान्याला लागू आहे आणि फार थोडे लोक तो वेळेवर विचारतात.

तुमचा कंत्राटदार फक्त लोडचा विचार करतोय. 500 केव्हीएला फुल लोड 667 अँपिअर, म्हणून 800 चा इनकमर. तेवढं ठीक. पण पॅनल ठरवताना दोन करंट बघायचे असतात: रोज वाहणारा, आणि शॉर्टसर्किट झाल्यावर क्षणभर वाहणारा. दुसरा, म्हणजे फॉल्ट करंट, तुमच्याकडे किती बदलतोय बघा.

आधीचा टीसी 250 केव्हीए. त्याचा इम्पिडन्स साडेचार टक्के धरला तर टीसीच्या टर्मिनलवरच फॉल्ट करंट साधारण 7.4 केए. तिथून पुढे तुमची 60 मीटर केबल. 95 चौरस ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स किलोमीटरला 0.32 ओहम, म्हणजे तुमच्या लांबीला 0.019 ओहम. दिसायला किरकोळ, पण ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा इम्पिडन्सच 0.034 ओहमच्या आसपास आहे. दोन्ही मिळून तुमच्या पॅनलवर येणारा फॉल्ट 5.4 केएपर्यंत उतरत होता. त्या लांब केबलने इतकी वर्षं तुमचं पॅनल सांभाळलं.

आता 500 केव्हीए, 5 टक्के. 667 भागिले 0.05, म्हणजे 13.3 केए. ट्रान्सफॉर्मर भिंतीला लागून, म्हणून केबलचा आडोसा जवळपास शून्य. शिवाय फॉल्टच्या पहिल्या क्षणी चालू मोटरीही थोडा करंट उलटा देतात. म्हणजे 10 केएचा एमसीबी मेन बसवर थेट बसवलेला असेल, तर फॉल्ट तोडण्याची त्याची ताकदच कमी पडते. तो ट्रिप होण्याऐवजी फुटू शकतो, आणि समोर माणूस असतो.

खानापूर_वायरमन

काकांचं बरोबर हाय. एमसीबीवर चौकोनात 6000 किंवा 10000 असं छापलेलं असतंय, ती फॉल्ट तोडायची ताकद अँपिअरमधे. दुकानात लोक 32 आणि 63 एवढंच बघतात, चौकोनाकडं कोण बघत नाही. एमसीसीबीवर आयसीयू (फॉल्ट तोडायची कमाल ताकद) आणि आयसीएस (तोडूनही पुन्हा वापरता येईल अशी ताकद) असे दोन आकडे असतात, तेही 415 व्होल्टसमोरचे बघायचे. 230 समोरचा आकडा मोठा असतोय आणि विकणारा तोच दाखवतो.

मच्छे_मशीनशॉप

काका, मग सगळे एमसीबी फेकायचे का? शेडच्या दुसऱ्या टोकाला दोन डीबी (छोटे वाटप बोर्ड) आहेत, मेन पॅनलपासून 25 मीटरवर, 10 चौरस मिमी कॉपर केबलने जोडलेले.

टिळकवाडी_काका

सगळे नाही. तुमचा पैसा इथेच वाचेल. 10 चौरस कॉपरचा रेझिस्टन्स किलोमीटरला 1.83 ओहम. 25 मीटरला 0.046. ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स आता फक्त 0.019 आहे, त्यामुळे केबलचंच वजन जास्त पडतं. त्या डीबीवर फॉल्ट पाच केएच्या आतच येतो. तिथले 10 केएचे एमसीबी खुशाल राहू द्या.

मेन बसवरून थेट निघणारे सगळे आउटगोइंग मात्र बदला. मी 25 केएच्या खाली जाणार नाही. पुढे कधी ट्रान्सफॉर्मर वाढवायची वेळ आली तर 36 केएवाले उपयोगी पडतील, पाहिजे तर तेच घ्या.

आणखी एक. मेन बसजवळून 16 चौरसची ॲल्युमिनियम केबल निघत असेल तर तीही तपासा. एक्सएलपीई (एक प्रकारचं केबल इन्सुलेशन) ॲल्युमिनियमला हिशेबात 94 चा गुणांक घेतात: फॉल्ट करंट गुणिले वेळेचं वर्गमूळ, भागिले 94. 13.3 केए आणि ब्रेकरने दोन शतांश सेकंदात तोडलं असं धरलं तरी किमान 20 चौरस मिमी लागते. करंट लिमिटिंग (फॉल्ट करंट पूर्ण चढायच्या आधीच तोडणारा) एमसीसीबी असेल तर त्याच्या कर्व्हवरून 16 बसूही शकते, पण ते कागदावर दाखवता आलं पाहिजे. नाहीतर 25 टाका.

डिप्लोमा_ईई_बेळगाव

काका, बसबारवरचं बल काढून बघितलं, कारण कॉलेजात सूत्र शिकवतात पण आकडा कुणी डोळ्यांसमोर आणत नाही. आयईसी 61439 या पॅनलच्या मानकामध्ये 5 ते 10 केएसाठी पीक करंट (फॉल्टचा पहिला सर्वांत मोठा झटका) 1.7 पट आणि 10 ते 20 केएसाठी 2 पट धरायला सांगितलंय. जुन्या पॅनलमध्ये पीक सुमारे 9.2 केए, नव्यात 26.6 केए. फेजमधलं अंतर 100 मिमी धरलं तर जुन्या फॉल्टला बसबारच्या प्रत्येक मीटरवर साधारण 146 न्यूटन बल येतं, नव्याला 1230 न्यूटनच्या आसपास.

म्हणजे मीटरला 15 किलोचा धक्का होता तो 125 किलोचा झाला. करंट अडीचपट वाढला, बल आठपटीहून जास्त. जुने सपोर्ट हे सोसतील का?

शिरोली_पॅनलवाला

ताई, नेमकं तेच सांगायला आलो होतो. पट्टी वाढवून गरम होणं कमी होईल, पण सपोर्ट इन्सुलेटर तेच राहिले तर पहिल्या मोठ्या फॉल्टला तडकतात आणि पट्ट्या एकमेकींवर येतात. सपोर्टमधलं अंतर आणि इन्सुलेटरची ताकद हे टेस्ट केलेल्या डिझाइनप्रमाणेच ठेवावं लागतं. म्हणून भावा, पॅनल नवीनच घे. आयएस/आयईसी 61439 प्रमाणे व्हेरिफाय केलेलं डिझाइन माग, आणि शॉर्ट टाइम रेटिंग (पॅनल किती फॉल्ट करंट किती वेळ सोसतं), म्हणजे किती केए आणि किती सेकंद ते ऑर्डरमध्ये लिहून घे. नुसतं "800 अँपिअर पॅनल" असं कोटेशन आलं तर ते परत पाठव.

मी कोल्हापूरकडचा, आमच्याकडून सीमेपलीकडे बरीच पॅनल जातात. गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं: कॉपर का ॲल्युमिनियम, आणि दर किती. फॉल्ट लेव्हल विचारणारं गिऱ्हाईक आलं की मला मनापासून बरं वाटतं.

वडगाव_मागवाला

मध्येच विचारतो. कॉपर का ॲल्युमिनियम, नक्की काय घ्यायचं? आमच्या मागाच्या शेडात ॲल्युमिनियमचे जोड काळे पडतात. म्हणून सगळे म्हणतात कॉपरच घ्या.

शिरोली_पॅनलवाला

दादा, काळे पडतात ते बहुतेक वेळा जोडामुळे. धातूला उगाच दोष लागतो. ॲल्युमिनियम घासलं की हवेत लगेच त्याच्यावर ऑक्साइडचा थर धरतो, आणि तो थर वीज नेत नाही. म्हणून घासायचं, लगेच कॉन्टॅक्ट ग्रीस लावायचं आणि लगेच बोल्ट आवळायचा, मध्ये चहाला जायचं नाही. दुसरी गोष्ट, दाबाखाली ॲल्युमिनियम हळूहळू सरकतं, गरम-थंड होऊन बोल्ट सैल पडतो. त्यासाठी डिस्क स्प्रिंग वॉशर. आणि कॉपर टर्मिनलवर ॲल्युमिनियमची लग (केबलच्या टोकाचा जोड) थेट लावायची नाही, बायमेटॅलिक लग वापरायची, म्हणजे एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला कॉपर. तुमच्या भागातल्या पावसाळ्यात दोन धातूंच्या जोडात ओल गेली की ॲल्युमिनियम खायला सुरुवात होते.

आकड्यात सांगतो. चांगला जोड 20 मायक्रो-ओहमचा असेल तर 667 अँपिअरला तिथे 9 वॅट उष्णता होते. तोच जोड बिघडून 200 मायक्रो-ओहमचा झाला की 89 वॅट, बंद पेटीत, एका बोल्टभोवती. मग रंग जातो, स्लीव्ह वितळते, जोड आणखी बिघडतो.

मच्छेच्या भावाच्या लोडला 100 × 10 मिमी ॲल्युमिनियम प्रत्येक फेजला पुरेल, चौरस मिलिमीटरला 0.8 अँपिअर धरलं तर 800 होतात. कॉपर घेतलं तर पट्टी लहान होते, जोड कमी कटकटीचे होतात, पैसे जास्त जातात. माझं मत असं की चांगल्या हाताने बांधलेलं ॲल्युमिनियम हे घाईत बांधलेल्या कॉपरपेक्षा जास्त टिकतं. टॉर्क रेंचने आवळा, आकडा पॅनलवाल्याच्या ड्रॉइंगमधला घ्या, आणि आवळल्यावर बोल्टपासून पट्टीवर पेंटची एक रेघ ओढा. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

फौंड्री_मेंटेनन्स_उद्यमबाग

आमच्या अनुभवातून दोन मुद्दे.

एक, धूळ. फौंड्रीतली आणि ग्राइंडिंगची काळी धूळ वीज वाहते. पावसाळ्यात पहाटे शेड गार पडते, पॅनलच्या आत दव धरतं, त्यात ही धूळ मिसळली की सपोर्टवरून ट्रॅकिंग (पृष्ठभागावरून वीज सरकणं) सुरू होतं. पॅनल किमान आयपी 54 (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) घ्या, आत थर्मोस्टॅटवाला स्पेस हीटर घ्या, आणि केबल घातल्यावर ग्लँड प्लेटची उरलेली भोकं बंद करा. पाली आणि उंदीर तिथूनच शिरतात. पाल दोन फेजच्या मध्ये आली की काय होतं ते ज्याने बघितलंय तो भोक उघडं ठेवत नाही.

दोन, तुमचं इंडक्शन हार्डनिंग. त्याचा रेक्टिफायर सिक्स पल्सचा असेल तर पाचवी आणि सातवी हार्मोनिक (50 हर्ट्झच्या पटीतला जादा करंट) येणार, म्हणजे 250 आणि 350 हर्ट्झ. पॉवर फॅक्टरसाठी साधी कपॅसिटर बँक लावली तर ट्रान्सफॉर्मरशी तिचा रेझोनन्स (हार्मोनिक अनेक पट वाढवणारा मेळ) नेमका त्याच भागात बसू शकतो. मग कपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात, आणि सगळे हेस्कॉमच्या व्होल्टेजला दोष देतात. 7 टक्के डीट्यून्ड रिॲक्टर (कपॅसिटरसोबत जोडायची कॉइल) घ्या, त्याने ट्यूनिंग 189 हर्ट्झवर येतं, पाचव्याच्या खाली. रिॲक्टरमुळे कपॅसिटरवरचं व्होल्टेज चढतं, म्हणून कपॅसिटर 440 चे घेऊ नका, 480 किंवा 525 व्होल्टचे घ्या.

मच्छे_मशीनशॉप

हे कुणीच सांगितलं नव्हतं. इनकमिंग केबलचं काय करू? कंत्राटदार सिंगल कोर म्हणतोय, वळवायला सोपी जाते म्हणून.

टिळकवाडी_काका

मी साडेतीन कोर (तीन फेज आणि अर्ध्या आकाराचा न्यूट्रल) 300 चौरसच्या ॲल्युमिनियम एक्सएलपीई आर्मर्ड केबलचे दोन रन घेईन. दोन्हींची लांबी सारखी, नाहीतर आखूड रन जास्त करंट खेचतो. कॅटलॉगचं रेटिंग हवेत 40 अंशाला आणि जमिनीत 30 अंशाला असतं. दोन केबल शेजारी, उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ट्रेमधून, म्हणजे रेटिंग कमी करूनच धरायचं. इनकमर 800 चा असला तरी ओव्हरलोडचं सेटिंग 0.8 वर ठेवलं की 640 अँपिअर होतात, प्रत्येक केबलवर 320 आले. जमिनीतून नेणार असाल तर पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू आणि वरून विटा.

सिंगल कोर घेतलीच तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिचं आर्मर स्टीलचं चालत नाही, ॲल्युमिनियमचं लागतं. आणि तिन्ही फेज लोखंडी ग्लँड प्लेटच्या वेगवेगळ्या भोकांतून नेल्या तर प्रत्येक भोकाभोवतीचं लोखंड चुंबकीय होऊन तापतं, रंग जळेपर्यंत. प्लेट ॲल्युमिनियमची घ्या.

खानापूर_वायरमन

अर्थिंगचं कोण बोललंच नाही. आमच्या बाजूला सगळी जांभ्याची जमीन, पावसाळ्यात बरी, मे महिन्यात पिट (अर्थिंगचा खड्डा) कोरडं ठाक. चिकोडी-अथणीकडं काळी माती, तिथं सहज चांगलं रीडिंग येतंय. इथं पोरं दोन-चार पिट मारतात, रीडिंग दोन ओहम आलं की खूश.

पण पिटच्या भरवशावर ब्रेकर पडत नाही. मशीनच्या बॉडीला फेज लागला, करंट मशीनच्या पिटातून जमिनीत आणि तिथनं ट्रान्सफॉर्मरच्या पिटातून न्यूट्रलला गेला असं समजा. एक पिट दोन ओहम, दुसरा एक ओहम, 250 व्होल्टला 83 अँपिअर येतात. 100 अँपिअरचा एमसीसीबी त्याला रोजचं लोड समजणार. बॉडी मात्र जिवंत राहिली. म्हणून प्रत्येक मशीनपासून अर्थची पट्टी किंवा वायर पॅनलच्या अर्थ बसला आणि तिथनं ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रल अर्थला सलग धातूनं जोडलेली पाहिजे. मग फॉल्ट शेकड्यात नाही, हजारात येतोय आणि ब्रेकर लगेच पडतोय.

टिळकवाडी_काका

अगदी योग्य सांगितलंस. त्यात भर: ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला दोन वेगळे अर्थ, बॉडीला दोन वेगळे. न्यूट्रल आणि अर्थची लिंक एकाच जागी. डीबीमध्ये पुन्हा जोडलात तर न्यूट्रलचा करंट मशीनच्या बॉडीतून फिरतो आणि अर्थ लीकेजवाले ब्रेकर विनाकारण पडतात. मग कुणीतरी वैतागून तो ब्रेकरच काढून टाकतं. हँड टूलच्या सॉकेटला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा ब्रेकर) हवाच, तो काढायचा नाही.

वडगाव_मागवाला

आमचंही एक विचारतो, धागा भरकटला तर माफ करा. मागाच्या मोटरी जळतात. फ्यूजची जाड तार घातली तरी जळतात.

खानापूर_वायरमन

दादा, जाड तार आधी काढा. तीन फ्यूजमधला एक उडतो, मोटर दोन फेजवर ओढत राहते, उरलेल्या फेजचा करंट वाढतो आणि वाइंडिंग जातं. तार जाड केली की ते आणखी उशिरा कळतं. प्रत्येक मोटरीला नेमप्लेटच्या करंटवर सेट केलेला, फेज गेला की पडणारा ओव्हरलोड रिले किंवा मोटर प्रोटेक्शन ब्रेकर लावा. एक मोटर रिवाइंड करायच्या खर्चाशी त्याची किंमत ताडून बघा. आणि बोर्डावर साचलेली कापसाची तूस सप्लाय बंद करून नेमानं काढा, ठिणगी पडली तर तीच पेटती.

डिप्लोमा_ईई_बेळगाव

मच्छेकर, सीएनसी बाहेरच्या देशातून आलेलं असेल तर वायरचे रंग बघून जोडू नका. आपल्याकडे लाल, पिवळा, निळा या फेज आणि काळा न्यूट्रल. आयईसीच्या रंगांत तपकिरी, काळा, राखाडी या फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे आपला न्यूट्रलचा काळा तिकडे फेज असतो आणि आपला फेजचा निळा तिकडे न्यूट्रल. मशीनच्या ड्रॉइंगवरचं नाव बघा, मीटरने तपासा, आणि आपल्या बाजूला स्लीव्ह घालून खूण करा.

मच्छे_मशीनशॉप

सगळ्यांचे मनापासून आभार. कंत्राटदाराशी बसून हे सगळं बोललो. काकांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला तेव्हा त्यानेही मान्य केलं. ठरलं ते असं:

मेन पॅनल नवीन, 800 अँपिअर, ॲल्युमिनियम 100 × 10, न्यूट्रल अर्धा. शॉर्ट टाइम रेटिंग 25 केए एक सेकंद. इनकमर एअर सर्किट ब्रेकर, इलेक्ट्रॉनिक रिलीजवाला. आउटगोइंग सगळे 36 केए एमसीसीबी. लांबचे दोन डीबी आहेत तसेच. कपॅसिटर पॅनल डीट्यून्ड. केबल साडेतीन कोर 300 चे दोन रन. जुनं पॅनल पूर्ण काढून टाकणार.

यात काही राहिलं का?

फौंड्री_मेंटेनन्स_उद्यमबाग

न्यूट्रल अर्धा ठेवू नका, पूर्ण घ्या. एलईडी, संगणक, सिंगल फेजचे ड्राइव्ह यांची तिसरी हार्मोनिक तिन्ही फेजमधून न्यूट्रलमध्ये बेरीज होऊन येते. आज लोड कमी असेल, पण बसबार नंतर बदलणं म्हणजे कारखाना बंद ठेवणं.

टिळकवाडी_काका

एअर सर्किट ब्रेकर घेतलात ते उत्तम. त्याचा शॉर्ट टाइम डिले वापरा, 0.2 सेकंदाच्या आसपास, म्हणजे एखाद्या मशीनच्या केबलवर फॉल्ट आला तर त्या मशीनचा एमसीसीबी आधी पडेल आणि बाकी शेड चालू राहील. तेवढा वेळ बसबारने फॉल्ट सोसायचा असतो, म्हणून एक सेकंदाचं रेटिंग मागायचं. इन्स्टंटेनियस (विलंब न करता तोडायचं सेटिंग) बंद ठेवायचं की वर, ते पॅनलवाल्याकडून लेखी घ्या. अर्थ फॉल्टचं सेटिंगही चालू ठेवा, बरेच जण ते कमाल करून विसरतात.

सप्लाय सुरू होण्याआधी विद्युत निरीक्षकांची तपासणी होईल. ड्रॉइंगवर फॉल्टचा हिशेब आणि सेटिंगचा तक्ता जोडा. धोक्याचा फलक कवटीच्या चिन्हासह, इंग्रजी किंवा हिंदीत आणि सोबत जिल्ह्याच्या भाषेत, म्हणजे कन्नडमध्ये लागतो. त्याखाली मराठीत आणखी एक लावा, तुमची पोरं तो वाचतील.

शिरोली_पॅनलवाला

एक राहिलं. लोड चढल्यावर काही आठवड्यांनी थर्मल कॅमेरा मारून घे, पॅनल चालू असताना, प्रशिक्षित माणसाकडून. नुसतं तापमान बघू नको, एकाच फीडरच्या तीन फेजची तुलना कर. लोड सारखा असून एक जोड बाकी दोघांपेक्षा गरम दिसला तर शटडाउन घेऊन तो उघड, घास, ग्रीस लाव आणि पुन्हा टॉर्कने आवळ. तापलेला जोड नुसता आवळून सुधारत नाही.

मच्छे_मशीनशॉप

न्यूट्रल पूर्ण केला. सेटिंगचा तक्ता पॅनलवाल्याकडे मागितलाय, आला की इथेच टाकतो, काका, तुम्ही एकदा नजर टाका.